‘मूर्तिपूजा’ म्हणजे नेमकी कशाची पूजा?

खेतवाडीकर: आमच्याकडे दर वर्षी गणपतीच्या तोंडावर हा वाद पेटतो. भाचा म्हणतो, मूर्तिपूजा वेदांना मान्यच नाही, आणि ‘न तस्य प्रतिमा अस्ति’ तोंडावर फेकतो. मग मूर्ती, प्रतिमा, विग्रह, अर्चा हे सगळं एकच का? आणि ‘मूर्तिपूजा’ शब्दाचा विग्रह केला तर पूजा नक्की कोणाची निघते?

धातुसाधित: मूर्ती हा शब्द ‘मूर्च्छ्’ धातूपासून आला. मूर्च्छा त्याचीच बहीण. धातूचा एक अर्थ घट्ट होणं, आकाराला येणं. म्हणून मूर्त म्हणजे आकार धरलेलं. प्रतिमेत ‘मा’ म्हणजे मापणं आहे. जोडीला ठेवून मापता येईल असं, म्हणजे सारखं, तोडीचं. तुमच्या भाच्याचं वाक्य शुक्ल यजुर्वेदाच्या बत्तिसाव्या अध्यायातलं आहे आणि सगळी भानगड याच शब्दात आहे. आर्य समाजाचे संस्थापक स्वामी दयानंदांनी ते ‘त्याची मूर्ती नाही’ अशा अर्थाने मूर्तीविरुद्ध वापरलं. दुसरी बाजू म्हणते, ‘त्याच्या तोडीचं काही नाही’ एवढाच अर्थ, कारण पुढे लगेच त्याच्या थोर यशाचा उल्लेख येतो. मला दुसरं वाचन सरळ वाटतं. पण त्यातून मूर्तिपूजेला परवानगीही निघत नाही, हे दोघांनी लक्षात ठेवावं.

विग्रह म्हणजे शरीर. शिवाय समासाचा विग्रह वेगळा आणि राजनीतीतल्या संधि-विग्रहातलं युद्ध वेगळं. मराठीत मूर्तीला विग्रह म्हणणं अजून परकंच वाटतं. बातम्यांतून शिरलंय हल्ली.

परळची काकू: व्युत्पत्ती राहू द्या, बोलताना काय म्हणतो ते बघा. मूर्तिकाराच्या चित्रशाळेत गेलं की ‘ही मूर्ती केवढ्याला?’, ‘डोळ्यांची आखणी झाली का?’ ओळीने मांडलेल्या मूर्ती, एकीचे डोळे अजून कोरे, प्रत्येकीच्या पाटाला नावाची चिठ्ठी. तिथे बोट मोडलं तर मूर्तिकार शाडूचा गोळा लावून देतो, कोणी हळहळत नाही. पण प्राणप्रतिष्ठा झाल्यावर ‘मूर्तीला नैवेद्य दाखव’ असं आमच्या घरात कोणी म्हणाल्याचं आठवत नाही. ‘गणपतीला दाखव’ म्हणतात. तेव्हा बोट मोडलं तर गुरुजींना फोन जातो. उत्तरपूजेला अक्षता वाहून जागेवरून जराशी हलवली की पुन्हा मूर्ती, मग विसर्जन. शास्त्र मला कळत नाही, पण पूजा मूर्तीची असती तर ती बुडवायला कोणाचा हात धजला असता?

सूत्रपाठी: काकूंनी व्याकरणकार पाणिनीच गाठला. त्याचं ‘जीविकार्थे चापण्ये’ असं सूत्र आहे. विक्रीची शिवमूर्ती असेल तर ‘शिवक’. पण पुजाऱ्याची उपजीविका जिच्यावर चालते आणि जी विकायची नाही, तिला नुसतं ‘शिव’. म्हणजे दुकानातला आणि देव्हाऱ्यातला फरक प्रत्ययाने दाखवायचा! त्याच सूत्रावर महाभाष्यकार पतंजली टोमणा मारतो की सोन्याच्या हव्यासाने मौर्यांनी अर्चा करवल्या. अर्चा म्हणजे पूजा आणि पूजेची मूर्तीही, दोन्ही अर्थ जुनेच.

खेतवाडीकर: वा, हे भाच्याला सांगतो. पण धर्माला मान्य की अमान्य, ते राहिलंच.

शंकेखोर: कोणत्या धर्मातल्या कोणाला, ते आधी ठरवा. तुमच्या गिरगावातच बघा. प्रार्थना समाज 1867 सालचा, मूर्ती न मानणारा, तरी प्रार्थनेत तुकोबांचे अभंग. 1875 साली आर्य समाजाची स्थापना इथेच झाली. 1893 साली केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला. हे सगळे स्वतःला वेदांचे किंवा संतांचे वारसच समजत होते. आज ‘प्रार्थना समाज’ हे थांब्याचं नाव ऐकलं की माणूस बसमधून उतरायच्या तयारीला लागतो, मूर्तिपूजेचा विचार कोणी करत नाही.

माझं मत विचाराल तर ‘मूर्तिपूजक’ हा शब्द बाहेरून लावलेला आहे. घरात कोणी ‘मूर्तिपूजा आटोपली का’ असं विचारत नाही, नुसतं ‘पूजा’ म्हणतात. देव्हाऱ्यातले टाक, शाळिग्राम, शंकराचा बाण, सुपारीचा गणपती, देवीचा तांदळा म्हणजे नुसती शिळा, यांतल्या निम्म्यांना नाकडोळेही नसतात. त्यांना मूर्ती म्हणायलाही जीभ अडखळते.

धातुसाधित: बरोबर. म्हणूनच भागवताच्या अकराव्या स्कंधातली आठ प्रकारच्या प्रतिमांची यादी पाहण्यासारखी आहे: दगडाची, लाकडाची, धातूची, लेपाची, चितारलेली, वाळूची, रत्नाची आणि मनोमयी. डोळे मिटून केलेलं ध्यानही प्रतिमेतच मोजलंय! आणि तोच ग्रंथ तिसऱ्या स्कंधात खडसावतो की सर्व प्राण्यांतल्या मला सोडून जो अर्चेला भजतो, तो राखेत आहुती टाकतो. मान्यता आहे, पण अटीसकट. ही अट आपण सोयीने विसरतो, मंडपात ढकलाढकली करून दर्शन घेताना तर हमखास.

परळची काकू: व्हीआयपी रांगेचं नाव काढू नका, माझं डोकं फिरतं.

ऱ्हस्वदीर्घ: एक विचारतो. आमच्या मंडळाच्या फलकावर ‘मूर्तीपूजा’ लिहिलंय, चालेल?

सूत्रपाठी: नाही. सुटा शब्द ‘मूर्ती’ दीर्घ, पण तत्सम शब्द समासात पहिला आला की मूळचा ऱ्हस्व ठेवतात: मूर्तिपूजा, मूर्तिकार. छापायच्या आधी विचारलंत म्हणजे मिळवली.

ऱ्हस्वदीर्घ: छापून झालाय हो. परवा लागतोय.