जमिनीखालची पाण्याची लाइन लीक आहे का? फरशी न फोडता कसं शोधायचं (कोपरखैरणे)

रोहाऊसवाली
नमस्कार मंडळी, कोपरखैरण्यात आमचं सिडकोचं जुनं रो-हाऊस आहे. पाण्याचं बिल एकदम वाढलंय, घरात माणसं तेवढीच आणि वापरही तोच. मीटर गेटपाशी, तिथून जुनी जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) लाइन पोर्चच्या फरशीखालून जमिनीतल्या टाकीत येते आणि मग मोटरने पाणी गच्चीवर चढतं. पोर्चच्या कडेला भिंतीलगत एक पट्टा कायम ओला, पावसाळा संपून एवढे दिवस झाले तरी वाळत नाही, शेवाळ धरलंय. एक प्लंबर म्हणतो सगळी फरशी फोडावी लागेल त्याशिवाय कळणार नाही, दुसरा म्हणतो खाडी जवळ आहे, जमिनीतलंच पाणी वर येतंय, लीकेज नाहीच. कोणाचं ऐकू? आणि घरात सहा महिन्यांचं बाळ आहे, या पाण्याने काही होणार नाही ना?

ऐरोली_से८
ताई, आधी फरशीला कोणाला हात लावू देऊ नका. तुमच्याकडे तीन वेगळ्या गोष्टी आहेत, मीटर ते टाकी, स्वतः टाकी, आणि मोटर ते गच्ची. यातलं कुठलं गळतंय ते आधी ठरवा, मग फोडायचं बघू.

पाणी यायच्या वेळेला टाकीत जिथे लाइन पडते तिथला बॉल कॉक (टाकी भरली की पाणी थांबवणारी गोळ्याची तोटी) काढून पाइपाच्या तोंडाला डमी, म्हणजे बूच, मारा. नुसती चावी बंद करून भागत नाही, जुन्या चाव्या पूर्ण बंद होत नाहीत आणि मग आपण उगाच पाइपाला दोष देतो. मीटर आणि टाकीच्या मध्ये कुठे नळ किंवा बागेची तोटी असेल तर तीही बंद. पाणी आल्या आल्या मीटर बघू नका, सुरुवातीला लाइनीतली हवा निघते तिनेपण चक्री फिरते. थोडा वेळ जाऊ द्या आणि मग मीटरमधली छोटी चांदणी बघा. डमी मारूनही फिरतेय म्हणजे मीटर ते टाकी या तुकड्यात गळती आहे, शंका नको.

फिरत नसेल तर टाकी बघा. रात्री सगळं बंद करून पाण्याच्या पातळीवर खूण करा, सकाळी पाणी यायच्या आत परत बघा. टाकी दोन मीटर बाय दीड मीटर असेल तर पातळी १ सेंटीमीटर उतरली की ३० लिटर गेलं, एवढा सोपा हिशोब आहे. मोटरचा फूट व्हॉल्व्ह (पाणी परत खाली येऊ न देणारी तळाची झडप) गळत असेल तर गच्चीचं पाणी परत खाली टाकीत उतरतं, तो वेगळा घोळ, पण त्याने बिल वाढत नाही.

कळवेकर
आमच्याकडे कळव्याला असंच होतं. जीआय एका जागी सडली की बाकीची पण सडायच्या वाटेवर असते, खाडीकाठची माती खारट आहे ना. क्लॅम्प (भोकावर आवळायची पट्टी) मारला, थोड्या दिवसांनी पुढच्या सॉकेटला, म्हणजे सांध्याला, फुटली. शेवटी ती लाइन तशीच जमिनीत सोडून दिली आणि कंपाउंड वॉलच्या कडेने नवीन टाकली. माझं मत विचाराल तर शोधत बसूच नका, नवीन टाका.

पाणीवाले_काका
पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य गेलं म्हणून बाळाचं वाचून लिहितोय. बिलाचं नंतर बघा, आधी हे ऐका. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं. पाणी चालू असताना दाब बाहेर ढकलतो, त्यामुळे भोकातून चांगलं पाणी बाहेर जातं. पाणी बंद झालं की लाइन रिकामी होते आणि त्याच भोकातून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. शेजारून ड्रेनेजची लाइन जात असेल तर काय आत येतंय ते सांगायची गरज नाही. मोरबे धरणाचं पाणी भोकरपाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात कितीही शुद्ध करून सोडलं तरी शेवटच्या दहा फुटांत ते बिघडू शकतं. दुरुस्ती होईपर्यंत प्यायचं आणि बाळाचं सगळं पाणी उकळा, खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट तसंच ठेवा. पाणी सुरू झाल्यावरचं पहिलं गढूळ पाणी टाकीत जाऊ देऊ नका.

आता खाडीचं पाणी की नळाचं? ओल्या पट्ट्यात एक छोटा खड्डा करून पाणी साचू द्या, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) असेल तर नळाच्या आणि त्या पाण्याचा आकडा बघा. मोरबेचं पाणी गोडं आहे, खाडीचं असेल तर आकडा कितीतरी पटीने वर जाईल. क्लोरीन तपासायचे ओटीचे थेंबही टाका, पिवळं झालं तर नळाचंच. पण पिवळं झालं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, मातीत क्लोरीन संपून जातो.

रोहाऊसवाली
सगळ्यांचे मनापासून आभार. पाणी उकळायला लागलो. आज डमी मारून बघितलं, चक्री सावकाश पण फिरतेच आहे, आणि टाकीची पातळी रात्रभर हलली नाही. म्हणजे मीटर ते टाकीच ना? आता फक्त ओला पट्टा फोडू का?

ऐरोली_से८
हो, तोच तुकडा. पण ओल दिसते तिथेच भोक असतं असं नाही, पाणी उताराने फरशीखालून लांब जाऊन मग वर येतं. लाइन भरलेली असताना लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पाइपाला आणि मूठ कानाला लावून ऐका, जीआयमधून आवाज चांगला येतो. तरी कळवेकरांचं मला पटतंय, एवढ्या जुन्या लाइनीला एक क्लॅम्प मारून बाळाच्या घरात झोप लागायची नाही. मीटर ते टाकी एचडीपीईचा (जाड प्लास्टिकचा) एकच अखंड पाइप टाका, मध्ये सांधा नको.

पाणीवाले_काका
पटलं. भिंतीवरून नेलात तर दिसत राहील ते उत्तम. जमिनीतून नेणार असाल तर खाली-वर वाळू घाला आणि जिथे ड्रेनेज ओलांडावं लागेल तिथे आपली लाइन वरून, मोठ्या पाइपातून न्या. जुनी लाइन मीटरपाशी कापून तोंड कायमचं बंद करा, जोडलेली ठेवू नका. मीटरच्या अलीकडे रस्त्याच्या बाजूला काही करायचं तर लायसन्सवाला प्लंबर घेऊन आधी विभाग कार्यालयात जा. आणि खड्डा बुजवायच्या आधी प्लंबरला हातपंपाने प्रेशर देऊन काटा बघायला सांगा, स्वतः उभ्या राहून. काटा उतरला नाही की मगच माती टाकू द्या, आणि लगेच टाकी रिकामी करून धुऊन घ्या, तळाला गाळ बसलेला असणार.