स्वम (SWMM, पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचं मॉडेल करणारं सॉफ्टवेअर): पाइपावर जंक्शन (पाइप जोडणारा बिंदू, म्हणजे चेंबर) टाकलं, पण पाणी त्यात शिरतच नाही

प्रश्न: पुण्यातल्या आमच्या सोसायटीमागच्या पावसाळी गटाराचं मॉडेल करतोय, पहिल्यांदाच. सर्व्हेत एक चेंबर राहून गेलं (झाकणावर कुणीतरी तुळस ठेवलीय, दिसणार कसं!). आता नकाशात नेमकं पाइपावर जंक्शन ठेवलं, तरी कोरडंच.

उत्तर १: जंक्शन नुसतं वर ठेवल्याने पाइपाचे दोन तुकडे होत नाहीत. जुन्या पाइपाचा आउटलेट नोड (पाइप जिथे संपतो तो बिंदू) बदलून नवं जंक्शन द्या, तिथून पुढे दुसरा पाइप काढा. लांब्या तपासा. ऑटो-लेंग्थ (नकाशावरून लांबी आपोआप मोजणं) बंद असेल तर नव्या पाइपाला डिफॉल्ट लांबी ४०० चिकटते आणि जुना आपली जुनीच लांबी धरून बसतो.

उत्तर २: जंक्शनची कमाल खोली शून्य सोडू नका, दादा. मग सॉफ्टवेअर जोडलेल्या सर्वांत उंच पाइपाच्या माथ्यापर्यंतच चेंबर धरतं आणि नसलेला पूर दाखवतं. आणि इन्व्हर्ट म्हणजे तळाची पातळी, झाकणापासूनची खोली नव्हे.

प्रश्नकर्ता: अरे देवा. शेजारच्या चेंबरचा इन्व्हर्ट ५५२.४०, आणि इथे मी १.८ भरलंय! पाइप थेट पाताळात चालला होता. आता ५५२.१५ टाकलं, पाणी वाहतंय. तुळस मात्र अजून तिथेच आहे.