छत उघडलं की बेस गायब! कन्व्हर्टिबल थारमध्ये कोणता सबवूफर बसेल?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. गाडी तीन दारांची थार, कापडी छताची. सीटखाली ८ इंची अ‍ॅक्टिव्ह सबवूफर (बेस म्हणजे खालचे सूर वाजवणारा, आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेला स्पीकर) आहे. छत बंद असताना झकास वाजतो. छत उघडून नाशिकच्या त्र्यंबक रोडला लागलं की बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. बंद केबिनमुळे खालच्या सुरांना मिळणारा जोर उघड्या गाडीत मिळत नाही, हे माहीत आहे.

गेन (सबवूफरच्या सिग्नलची पातळी) वाढवला तर आवाज फाटतो. क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती मर्यादा) ८० वरून १०० हर्ट्झवर नेला, फेज (बाकी स्पीकरांशी सबवूफरच्या लहरींचा मेळ) उलटा करून पाहिला. थोडा फरक पडला, पण समाधान नाही.

मागची सीट काढायची नाही, घरचे बसतात. कंपनीचं वायरिंग कापायचं नाही. शिवाय आपला पाऊस! छत लावेपर्यंत आत पाणी येतंच, त्यामुळे एमडीएफचा (दाबलेल्या लाकूडतंतूंच्या फळीचा) बॉक्स फुगेल अशी भीती वाटते. बजेट अ‍ॅम्प्लिफायरसकट पंचवीस हजार.

मागच्या सीटमागे सीलबंद बॉक्समध्ये एक १० इंची शॅलो (कमी खोलीचा) सब बसवावा, की दोन ८ इंची? उघड्या गाडीत प्रत्यक्ष ऐकलेल्यांचं मत हवंय. आणि मोजमाप घेऊन फायबरचा बॉक्स नीट बनवून देणारं नाशकात कोणी आहे का?