किडनीतल्या सिस्ट वाढताना मधल्या टिश्यूचं काय होतं?

चिंचवडचा_पोरगा:
आईला (वय ५४) एडीपीकेडी निघालाय, म्हणजे दोन्ही किडन्यांत पाण्याच्या पिशव्या. आजोबांचं शेवटी डायलिसिस चालू होतं ते यामुळेच असणार असं आता वाटतंय. सोनोग्राफीत एकेक किडनी १७ सेंटिमीटरची आणि क्रिएटिनिन (किडनी थकली की रक्तात वाढतं ते) मात्र ०.९!! डॉक्टर म्हणाले नुसत्या सिस्ट मोजत बसू नका, मधला टिश्यू पण बदलत जातो आणि त्याने सिस्ट अजून वाढतात, पण ओपीडीत मागे एवढी गर्दी की पुढे काही विचारताच आलं नाही. सिस्ट म्हणजे पाणी भरलेली पिशवी ना, मग त्यात टिश्यू कुठून आला? आणि सुईने पाणी काढून टाकलं तर?

स्लाइडवाली_ताई:
मी पॅथॉलॉजीत आहे, रोज स्लाइड बघते म्हणून सांगते. पिशवी म्हणू नका, ती जिवंत भिंत आहे. आईच्या सगळ्या पेशींत पीकेडी१ (१६ नंबरचं क्रोमोसोम) नाहीतर पीकेडी२ (४ नंबरचं) या जीनची एक कॉपी जन्मापासून बिघडलेली असते, पुढे काही पेशींत दुसरी कॉपीही जाते आणि तिथली नळी फुगायला लागते. म्हणून तर लाखो नेफ्रॉनपैकी (रक्त गाळून लघवी बनवणाऱ्या बारीक नळ्या) थोड्याच ठिकाणी सिस्ट होतात. त्या पेशींत कॅल्शियमचा हिशोब चुकतो, सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत निरोप पोचवणारं रसायन) वाढतं, मग पेशी सारख्या विभागत राहतात आणि क्लोराइड आत सोडतात, त्यामागे पाणी येतंच. सिस्ट साधारण २ मिलिमीटरची झाली की बऱ्याचदा मूळ नळीपासून तुटते. म्हणजे वरून लघवी येऊन ती भरते असं नाही, पाणी भिंतच तयार करते. सुईने काढलं तरी भिंत तिथेच, परत भरणार. एखादी मोठी सिस्ट फार दुखत असेल किंवा त्यात पू झाला असेल तर काढतात, ते वेगळं.

आता टिश्यू. स्लाइडवर सिस्टखालचा बेसमेंट मेम्ब्रेन (पेशी ज्यावर बसतात तो पातळ पडदा) जाड, पदर सुटल्यासारखा दिसतो आणि दोन सिस्टच्या मधे कोलॅजन (व्रणातले तंतू), फायब्रोब्लास्ट (ते तंतू बनवणाऱ्या पेशी), मॅक्रोफेज (सूज आणि साफसफाईच्या पेशी) यांची खिचडी. सिस्टच्या पेशी एमसीपी-१ नावाचा सिग्नल सोडून मॅक्रोफेज बोलावतात आणि ते येऊन त्याच पेशींना आणखी वाढायला लावतात. उंदरांत मॅक्रोफेज कमी केले तेव्हा सिस्टची वाढ मंदावली होती. शिवाय लोकलच्या चौथ्या सीटसारखं, सिस्ट सरकत सरकत शेजारच्या चांगल्या नळ्या आणि रक्तवाहिन्या दाबते, दबलेली नळी तुंबते, तिथे इजा होते आणि जीन बिघडलेल्या किडनीत इजा झाली की सिस्ट जोरात वाढतात, हेही उंदरांत दिसलंय. खरी गोम ही आहे. हे सगळं चालू असताना उरलेले नेफ्रॉन जास्तीचं काम ओढतात म्हणून क्रिएटिनिन वर्षानुवर्षं छान दिसतं.

निसर्गप्रेमी_७२:
गोखरूचा काढा सुरू करा, पिशव्या विरघळतात. आमच्या मामींना फरक पडला.

स्लाइडवाली_ताई:
काका, विरघळत नाहीत हो. मामींना बहुतेक साधी एखादी सिस्ट असेल, ती पन्नाशीनंतर खूप जणांना असते आणि काही करत नाही. किडनीच्या पेशंटला न विचारता काढे देऊ नका प्लीज.

बीपीची_गोळी:
मलाही आहे, त्यामुळे अनुभवाचं बोलतो. डॉक्टरांना एमआरआयवर किडनीचं व्हॉल्यूम काढायचं का विचारा, उंची आणि वयाबरोबर ते बघून कोणाची किडनी लवकर थकेल याचा अंदाज येतो. सरासरी वर्षाला ५ टक्क्यांच्या आसपास वाढतं म्हणतात, पण माणसामाणसात खूप फरक. वेगाने वाढत असेल तर टॉलव्हॅप्टन या औषधाचा विचार करतात, ते व्हॅसोप्रेसिनला (शरीरात पाणी धरून ठेवणारं हार्मोन) अडवून तेच सायक्लिक एएमपी खाली आणतं. वाढ मंदावते, थांबत नाही, आणि रात्री बाथरूमच्या फेऱ्या विचारू नका! लिव्हरच्या टेस्ट सतत कराव्या लागतात. बीपी मात्र आजपासून सांभाळा आणि अंग दुखलं की आयब्युप्रोफेन ही सवय असेल तर बंद.

चिंचवडचा_पोरगा:
ताई, दादा खूप आभार, आता कुठे डोक्यात शिरलं. मी ३१ चा, मला पण बघावं लागेल ना?

स्लाइडवाली_ताई:
हो, मुलांना ५० टक्के चान्स असतो. आधी बीपी मोजा आणि सोनोग्राफी करा. घरात आजार असताना १५ ते ३९ वयात दोन्ही किडन्या मिळून ३ किंवा जास्त सिस्ट दिसल्या तर निदान पक्कं धरतात. काहीच दिसलं नाही तरी चाळिशीच्या आत सोनोग्राफीवर शंभर टक्के भरवसा नको, गरज वाटली तर डॉक्टर एमआरआय सांगतील. आणि हो, टर्म इन्शुरन्स, मेडिक्लेम घ्यायचा राहिला असेल तर टेस्टच्या आधीच त्याचा विचार करा, फॉर्ममधे घरातला आजार विचारला तर खरं लिहून.