साल एकच, इंग्रजी शब्द चार

स्किन, पील, रिंड, झेस्ट या सगळ्यांचा अर्थ 'साल'च ना, मग फरक काय, असं एकाने विचारलंय. फरक आहे, आणि आम्हा नागपूरकरांना तो संत्रं हातात घेतलं की लगेच कळतो.

आंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर येणारं संत्रं घ्या. अंगठा खुपसला की जी सैल साल निघून येते ती पील. सोलणे या क्रियेलाही हाच शब्द. त्या सालीचा वरचा, तेलाच्या बारीक ठिपक्यांचा केशरी थर तेवढा झेस्ट. आतला पांढरा, कडवट भाग म्हणजे पिथ. माझ्या भाचीने केकच्या कृतीत झेस्ट वाचलं, डिक्शनरीत 'साल' सापडलं आणि अख्खी साल किसून घातली. केक कडू झाला, पोरगी रडकुंडीला आली. चूक तिची नव्हतीच. एका शब्दात अर्थ उरकणाऱ्या डिक्शनरीचा मला खरंच राग येतो.

रिंड म्हणजे जाड, टणक साल, जशी टरबुजाची. चीजवरच्या कडक थरालाही रिंडच म्हणतात. स्किन त्यामानाने पातळ सालीला: द्राक्ष, टोमॅटो. बटाट्याची साल अंगावर आहे तोवर बहुधा स्किन, सोलून ताटलीत पडली की पील.

आणखी एक. इंग्रजी कृतीत नुसतं ऑरेंज असेल तर ते घट्ट सालीचं, आपल्या मोसंबीच्या जवळचं फळ. आपलं संत्रं त्यांच्या लेखी मँडरिन. ऑरेंज हा शब्द मात्र मूळचा आपल्याकडचा 'नारंग', फारसी-अरबीतून युरोपात गेलेला.