जेरुसलेमला एकटं जायचंय: गेलेल्यांनी अनुभव लिहा

निळीशाई
काल रात्री भाचीचा फोन. "मावशी, मी जेरुसलेमला चाललेय, एकटीच. आईला तू सांग." आईला सांगायचं खातं वर्षानुवर्षं माझ्याकडेच आहे, त्याचं काही नाही. पण फोन ठेवला आणि झोप उडाली. कपाट उघडून जुना पासपोर्ट काढला, आत ती निळी चिठ्ठी अजून तशीच. तिकडे पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, फोटो छापलेली एवढीशी चिठ्ठी हातात देतात. मग काय, एकेक आठवायला लागलं.

भाचीनं यादी पाठवलीय. स्थळं झकास निवडलीत, पण शनिवारच्या रकान्यात लिहिलंय "उरलेलं सगळं". शनिवारी! म्हटलं, बाई गं, या गावात आधी वार लावायचे, मग स्थळं. यहुद्यांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, म्हणून शुक्रवारी दुपारनंतर बस, ट्राम, रेल्वे हळूहळू बंद होतात ते थेट शनिवारी रात्र पडेपर्यंत. हरम अल-शरीफच्या (अल-अक्सा मशीद आणि सोनेरी घुमट आहे त्या) आवारात आपल्यासारख्या गैरमुस्लिमांना रविवार ते गुरुवारच सोडतात, तेही सकाळी काही तास आणि दुपारी थोडा वेळ. रविवारी चर्चमध्ये प्रार्थना, बाकी शहर मात्र कामावर. आणि हे सगळं जेमतेम एक चौरस किलोमीटरच्या तटबंदीत.

एकटं असण्याचा मला झालेला फायदा सांगते. येशूच्या कबरीच्या चर्चचं दार रात्री बंद होतं, ते बघायला थांबले होते. ग्रुपवाले जेवायला निघून गेलेले. त्या दाराची किल्ली एका मुस्लिम घराण्याकडे, दार उघडायचा-लावायचा मान दुसऱ्या मुस्लिम घराण्याकडे. जूदेह आणि नुसेबेह. सलाउद्दीनच्या काळापासून असं चालत आलंय म्हणतात. आत सहा पंथांचे ख्रिस्ती, कुणाचा दिवा कुठे टांगायचा यावरूनही वाद, त्यामुळे किल्ली तिसऱ्याकडे. लाकडी शिडी लावून वरचं कुलूप लावलं, मग तीच शिडी दारातल्या झरोक्यातून आत सरकवली, आतल्या पाद्र्यांनी ओढून घेतली. संपलं. सगळं मिळून काही मिनिटांचं काम. कुणाची वाट बघायची नव्हती म्हणून दिसलं.

तर गेलेल्यांनी लिहा. एकटे गेला असाल तर जास्तच लिहा, बहिणीला दाखवायचंय.

सह्यकडा
वार लावायचे याला हजार मोदक. आमचं विमान लेट झालं, शुक्रवारी संध्याकाळी उतरलो. एरवी विमानतळावरून रेल्वेनं अर्ध्या तासात जेरुसलेम. स्टेशन जमिनीखाली ८० मीटर, सरकते जिने संपता संपत नाहीत. पण शुक्रवारी संध्याकाळी कसली रेल्वे. टॅक्सीवाल्यानं जो आकडा सांगितला तो बायकोला अजून सांगितलेला नाही.

पायपीट
आता इथे वाचेल ती 😂

सह्यकडा
ती फक्त पाककृतींचे धागे वाचते.

आल्बम_वसई
मी आमच्या पॅरिशच्या ग्रुपबरोबर गेले होते, म्हणजे तशी एकटी नाही. पण फादरना सांगून एक दिवस सुटी घेतली. त्या दिवशी विया दोलोरोसा, म्हणजे येशू क्रूस घेऊन चालला तो रस्ता, एकटीनं चालले. १४ स्थानं, काही बाजारातच. मी मनात माळ म्हणतेय आणि शेजारी चपला, मसाले, टीशर्ट, "मॅडम इंडिया? शाहरुख खान?" आधी राग आला. मग वाटलं, येशू चालला तेव्हा तरी बाजार कुठे थांबला असेल. शुक्रवारी दुपारी फ्रान्सिस्कन फादर क्रूसाची मिरवणूक काढतात, त्यात कुणीही सामील होऊ शकतं. एकट्या बाईला एकदम सोयीचं, गर्दीत रस्ता चुकायची भीती नाही.

चर्चमधल्या कबरीसमोरची रांग टाळायची असेल तर पहाटे जा. दार पहाटेच उघडतं. दुपारी जाल तर नुसते मोबाईल दिसतील.

हिशेबी
सगळे रम्य आठवणीत. कुणीतरी रुक्ष लिहायला हवं म्हणून: २०२३ च्या ऑक्टोबरपासून तिकडची परिस्थिती कधी कशी बदलेल सांगता येत नाही. विमानं आयत्या वेळी रद्द होतात. पैसे परत मिळतील असंच तिकीट काढा. प्रवास विम्याची बारीक अक्षरं वाचा, बहुतेक पॉलिसीत युद्ध वगळलेलं असतं. आपल्या दूतावासाच्या सूचना निघायच्या आठवड्यात रोज बघा. व्हिसा आधी, बाकी नंतर. एवढं करून जायचंच असेल तर जरूर जा, पण "काही होत नाही" म्हणणाऱ्यांचं ऐकून नको.

निळीशाई
हिशेबी, तुमचा प्रतिसाद बहिणीला दाखवू की नको या पेचात आहे.

बंदरवाला
सलाम. आम्ही रत्नागिरीकडचे. मी अल-अक्साला नमाजासाठी गेलो होतो. आम्हाला दुसऱ्या दारांनी सोडतात, इतरांना फक्त पश्चिमेच्या भिंतीजवळच्या (यहुदी जिथे प्रार्थना करतात ती) लाकडी पुलावरून, मुघारबी दरवाज्यानं. दारावर आधी पोलिसानं पासपोर्ट बघितला, नाव बघितलं, तरी म्हणाला, सूरह फातिहा (कुराणाचा पहिला अध्याय) म्हणून दाखव. तिथे मी, नेहमी झरझर म्हणणारा, थांबून थांबून म्हणतोय. तोंडी परीक्षेत पास झालो! आत गेलो तर पोरं फुटबॉल खेळतायत, बायका डबे उघडून झैतूनच्या (ऑलिव्हच्या) सावलीत बसल्यात. एवढं मोठं आवार असेल असं वाटलं नव्हतं. सोनेरी घुमट (तो ६९१-९२ चा, मशीद वेगळी, लोक दोन्हीत गल्लत करतात) फोटोत दिसतो त्यापेक्षा त्याच्या निळ्या फरशा बघा.

गैरमुस्लिमांना आवारात फिरता येतं, घुमटाच्या आत नाही. प्रार्थनेची पुस्तकं, धार्मिक वस्तू बरोबर नेऊ नका, दारावर अडवतात. रमजानच्या शेवटच्या दिवसांत तर फिरण्यासाठी येऊच नका.

अजून एक. हेरोद दरवाज्याजवळ हिंदी सराय आहे, झाविया अल-हिंदिया. बाबा फरीद तिथे राहिले होते असं मानतात. दोन्ही महायुद्धांत आपले सैनिकही तिथे मुक्कामाला असत. उत्तर प्रदेशातून गेलेलं अन्सारी कुटुंब १९२४ पासून सांभाळतंय. आधी फोन करून जायचं. दारावर भारताचं नाव बघून उगाचच छाती फुगली.

चकलीची_भाजणी
फोटो टाका ना!!

चकलीची_भाजणी
आणि शाकाहारींचं काय? माझे सासरे जायचं म्हणतायत, कांदा लसूण चालतं पण अंडं नाही.

पायपीट
सासऱ्यांची चिंता नको. यहुद्यांच्या कोशर नियमात मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून हॉटेलं दोन जातींची. 'हलावी' लिहिलंय तिथे दुधाचे पदार्थ, मांस अजिबात नाही. फक्त मासे आणि अंडी तिथे असतात, तेवढं विचारून घ्या. बाकी हम्मस (वाटलेले चणे) फलाफल (चण्याचे वडे) कोपऱ्याकोपऱ्यावर. मी मुक्कामभर फलाफल खाल्लं, परत आल्यावर आईनं वडे केले तर उठून गेलो.

माझा अनुभव मात्र उलटा. मी गेलो पेसाखच्या आठवड्यात, यहुद्यांच्या या सणात पाव खात नाहीत. यहुदी वस्तीत पाव गायब, सुपरमार्केटात पावाच्या फडताळांवर चक्क पडदे. मुस्लिम भागातल्या दमास्कस गेटला आलो तर हातगाडीवर तिळाचे लांबट कडे, काअक, आणि कागदाच्या पुडीत झातरचा मसाला. तिथे उभ्या उभ्या खाल्लं. दहा मिनिटं चालून गेलं की कॅलेंडर बदलतं, या गावाची ही गंमत मला फार आवडली.

अश्दोदकर
शालोम मंडळी, नमस्कार. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, मूळ अलिबागकडचे, आता इस्राएलमध्ये अश्दोदला. मराठी वाचतो, लिहिताना चुका होतात, सांभाळून घ्या. इथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघतं.

भाचीला सांगा, पश्चिमेच्या भिंतीला सोमवारी किंवा गुरुवारी सकाळी जा. त्या दिवशी तोरा (आमचा धर्मग्रंथ) वाचतात म्हणून मुलांचे बार मित्झ्वा (वयात येण्याचा विधी) असतात. ढोल वाजवत, शोफार (शिंग) फुंकत, मुलाला छताखालून नाचवत आणतात. पुरुषांचा भाग वेगळा, बायकांचा वेगळा, मध्ये आडोसा. मग आया, आज्या, आत्या खुर्च्यांवर चढून पलीकडे वाकून बघतात आणि मुलावर गोळ्या-चॉकलेटं फेकतात. माझ्या मुलाच्या वेळी आमची आई पंच्याहत्तरीची, तीही चढली. एक गोळी रब्बींच्या (आमच्या धर्मगुरूंच्या) टोपीवर बसली.

शब्बाथला तिथे फोटो काढू नका, वहीत लिहू पण नका, लोक येऊन सांगतात. भिंतीच्या फटींत चिठ्ठ्या ठेवतात त्या वर्षातून दोनदा काढून ऑलिव्हच्या डोंगरावर पुरतात, कचऱ्यात जात नाहीत.

आल्बम_वसई
अश्दोदकर, मराठी छान आहे हो तुमचं. आमच्या वसईच्या सामवेदी बोलीपेक्षा शुद्ध 😄

चकलीची_भाजणी
मलिदा म्हणजे तुमचाच ना? एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाचा प्रसाद? माझ्या मैत्रिणीकडे अलिबागला खाल्ला होता.

रात्रपाळी
कामावरून लिहितेय, घाईत. मी नर्स, सुट्टीत एकटी गेले. कपडे: खांदे आणि गुडघे झाकलेले, गळ्यात ओढणी कायम. ओढणी चर्च, भिंत, हरम तिन्हीकडे उपयोगी. मेआ शेआरीमला, कट्टर यहुद्यांच्या वस्तीत तर बायकांनी कसे कपडे घालावेत याच्या पाट्याच लावल्यात. बूट पकड असलेले, कारण जुन्या शहरातल्या फरशा झिजून गुळगुळीत, पाऊस पडला की घसरगुंडी. थंडी असते, उंची साधारण ७५० मीटर आहे, हिवाळ्यात स्वेटरवर भागत नाही.

राहिले नन्सच्या गेस्टहाऊसमध्ये, जुन्या शहरातच. रात्री ठरावीक वेळेला दार बंद. आईला तेवढंच ऐकून बरं वाटलं. त्रास? विमानतळावर परत येताना झाला. एकटी का, नवरा कुठे, बॅग कुणी भरली, वाटेत कुणाशी बोललीस, तेच ते फिरवून फिरवून. तीन तास आधी पोचा आणि खरं तेच सांगा. रस्त्यावर छेडछाड म्हणाल तर दुकानदारांचं चहाचं आमंत्रण एवढंच. नाही म्हणायचं, हसायचं, चालू लागायचं.

हॉटेलात शनिवारी एक लिफ्ट आपोआप प्रत्येक मजल्यावर थांबते, बटण दाबायचं काम नको म्हणून. नवव्या मजल्यावरची बाई माझ्याशी प्रत्येक थांब्यावर एकेक वाक्य बोलत गेली. म्हणजे हे पहिले दोन दिवस हॉटेलात होते तेव्हाचं, नन्सकडे लिफ्ट कुठली. पेशंट आला, पळते.

सह्यकडा
झायन डोंगरावरची ती इमारत कुणी पाहिली? खाली दावीद राजाची कबर म्हणून यहुदी प्रार्थना करतात, वरच्या मजल्यावर येशूच्या शेवटच्या भोजनाची खोली, आणि त्याच खोलीत मिहराब (नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा), कारण मध्ये तिची मशीद झाली होती. मी जिन्यावर बसून सगळ्यांचे गाईड ऐकले फुकटात. प्रत्येकाच्या गोष्टीत बाकीचे दोघे एका वाक्यात उरकतात.

बंदरवाला
आर्मेनियन भागातलं सेंट जेम्सचं चर्चही सांगा कुणीतरी. दुपारी तीनच्या प्रार्थनेलाच अर्धा तास उघडतं. घंटेऐवजी लाकडी फळी बडवतात. तिथली शांतता मला मशिदीसारखी वाटली, वाटू दे.

निळीशाई
किती लिहिलंत सगळ्यांनी! भाचीनं धागा वाचला. शुक्रवारचं तिकीट बदलून रविवारी पोचायचं केलंय, पैसे परत मिळणारं. सोमवारी सकाळी भिंत, मंगळवारी हरम, शुक्रवारी मिरवणूक, शनिवारी पायी ऑलिव्हचा डोंगर. बहिणीनं हिशेबींचा प्रतिसाद आधी वाचला आणि रात्रपाळीचा नंतर, त्यामुळे अजून "बघू" वर आहे. दूतावासाच्या सूचना मी रोज बघणार.

हिशेबी
"बघू" म्हणजे पन्नास टक्के. विम्याचा कागद मला व्यनि (खासगी निरोप) करा, वाचून सांगतो.

चकलीची_भाजणी
अश्दोदकर, मलिदा राहिलाच. गूळ की साखर?

अश्दोदकर
आमच्याकडे साखर. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा, वर फळं. भावजय गूळ घालते, आमचं त्यावरून जमत नाही. ताई, वेगळा धागा काढा, ती पण येईल लिहायला.