भंडारदरा: तुम्ही काय काय पाहिलंत? अनुभव लिहा

लहानपणी बाबांबरोबर गेले होते तेव्हा भंडारदरा म्हणजे धरणाची भिंत, खालची बाग आणि भजी, बस. यावेळी सप्टेंबरात शेंडीहून निघून मुरशेत, पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी करत आर्थर लेकला, म्हणजे धरणाच्या तलावाला, पूर्ण वळसा घातला आणि वाटलं की इतकी वर्षं आपण दारातूनच परत येत होतो. रस्ताभर सोनकीची पिवळी फुलं, मधेच पांढरे धबधबे, आणि पाणी कधी डाव्या हाताला दिसतं तर कधी पार गायब. घाटघरच्या कोकणकड्यावर तासभर नुसतं धुकं होतं, पोरं कंटाळली, निघणार तेवढ्यात ढग फाटले आणि खाली एकदम कोकण! खालच्या चोंढ्याकडच्या धरणाचं पाणी पण दिसलं, तिथे वर घाटघरला साठवलेलं पाणी खाली सोडून २५० मेगावॅट वीज करतात आणि रात्री तेच परत वर चढवतात, हे मुलाला समजावताना मलाच भारी वाटत होतं. तुम्ही कुठल्या सीझनला गेलात? सविस्तर लिहा.

*

आम्ही भर जुलैत. रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरात गाभाऱ्यात पाणी भरलेलं, पिंड पाण्याखाली, काळ्या दगडावरनं सगळीकडे पाणी निथळतंय आणि आत आमच्याशिवाय कोणी नाही. आई बराच वेळ तशीच उभी होती, काही बोललीच नाही. बाहेरची पुष्करणी आवर्जून बघा, चारी बाजूंना देवकोष्ठं (मूर्तींचे कोनाडे) आहेत. नंतर एका घरी जेवलो, नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, चुलीशेजारी बसून, कपडे पण तिथेच वाळले.

*

अंब्रेला फॉल बघायला म्हणून मे महिन्यात गेलो आणि कोरडा खडक बघून आलो 😀 धरणातून पाणी सोडलं तरच तो छत्रीसारखा पडतो, आधी चौकशी करून जा. रंधा धबधबा पण पावसाळ्यातच खरा, घोरपडादेवीच्या देवळापाशी उभं राहिलं की तुषार अंगावर येतात. रेलिंगच्या पलीकडे मात्र कुणी जाऊ नका प्लीज.

*

मे वाया गेला असं नका म्हणू! मे अखेर ते पहिला मोठा पाऊस पडेपर्यंत काजवे असतात. उडदावण्याच्या रस्त्यावर एका सादड्याच्या झाडावर हजारो काजवे एकदम पेटत होते, एकदम विझत होते, माझ्या डोळ्यात खरंच पाणी आलं. आणि दहा मिनिटांत मागनं गाड्या आल्या, हेडलाईट, मोबाईलचे टॉर्च, गाणी. झाड काळं पडलं. अहो तो उजेड म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते, आपण त्यावर टॉर्च मारला तर तिला दिसणार काय? त्यात हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. जायचं तर गावातला वाटाड्या घ्या, गाडी लांब लावा, अंधारात गप्प बसा, फोटो नाही आला तर नाही आला.

*

+१. आमचं आजोळ राजूरजवळ. आजी सांगायची की काजवे दिसले की पेरणीच्या तयारीला लागायचं. आम्ही पोरं अंगणात मोजत बसायचो, आता अंगणात येत नाहीत.

धरण बांधून झालं १९२६ मध्ये, म्हणजे आजीच्या जन्माआधी, तिने प्रवरा नदी मोकळी वाहताना कधी बघितलीच नाही.

*

डिसेंबरात सांदण दरी केली. साम्रदहून उतरलो, दोन्ही बाजूंना कातळ इतका जवळ की वर आभाळाची फक्त पट्टी दिसते, मधे कमरेएवढं बर्फासारखं गार पाणी, बॅगा डोक्यावर. पावसात तिथे अजिबात उतरायचं नाही, पाणी कधी येईल सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी बारी गावातून कळसूबाई शिखर, १६४६ मीटर, शिड्या आहेत त्यामुळे माझी ६१ वर्षांची मावशीसुद्धा चढली, वरनं तिने बोट दाखवलं, "तो बघ आपला तलाव," म्हणाली. आपला!